सहा आठवड्यांच्या बोलीवर

गेल्या वर्षी पुण्यात स्वयंसेवी संस्थांच्या विश्वस्तांसाठी एक कार्यशाळा झाली. आमच्या संस्थेतर्फे मी गेले होते. दुपारच्या सत्राचे वक्ते मोठ्या उद्योगातून निवृत्त झालेले, बोलणं ओघवतं, तळमळ खरी. त्यांनी पडद्यावर एका वयस्क अमेरिकन बाईंचा फोटो दाखवला. या फ्रान्सेस हेसलबाईन, 1976 ते 1990 या काळात अमेरिकेच्या गर्ल स्काउट्स या राष्ट्रीय संघटनेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी. उतरणीला लागलेली संघटना यांनी वर आणली आणि व्यवस्थापनशास्त्रातले थोर अभ्यासक पीटर ड्रकर त्यांना देशातली सर्वोत्तम सीईओ म्हणायचे. एवढं सांगून वक्त्यांनी निष्कर्ष काढला की, सेवाभावी संस्थांना कार्यकर्ते पुरे झाले, आता कंपनी चालवलेली माणसं आणा. सभागृहात टाळ्या पडल्या.

माहितीत चूक नव्हती. पण त्या माहितीतून निघतो तो निष्कर्ष याच्या नेमका उलटा आहे. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही, म्हणून ते इथे मांडते. मी अठ्ठावीस वर्षं एका तालुक्याच्या शाळेत गाईड कॅप्टन होते आणि हेसलबाईनबाईंचं आयुष्य मी बारकाईनं वाचलं आहे. ज्या बाईंनी एकही कंपनी चालवली नव्हती, त्यांचा फोटो लावून कंपनीवाले आणा म्हणणं मला सहन झालं नाही.

पेन्सिल्व्हेनियातल्या साउथ फोर्क या लहानशा गावात 1 नोव्हेंबर 1915 रोजी त्यांचा जन्म झाला. हे तेच गाव, जिथलं धरण 1889 मध्ये फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउनमध्ये दोन हजारांवर माणसं गेली. वडील लवकर वारले तेव्हा मुलगी सतरा वर्षांची होती. कॉलेजचं शिक्षण नोकरी सांभाळून जमेल तसं झालं, पदवी हाती आली नाही. लग्नानंतर जॉन्सटाउनमध्ये नवऱ्याचा फोटोग्राफीचा स्टुडिओ, एक मुलगा आणि घर. या माहितीवर आज कुठल्याही संस्थेत अर्ज केला, तर तो छाननीतच बाजूला पडेल.

मग एक दिवस शेजारची बाई दारात आली. चर्चच्या तळघरात भरणाऱ्या गर्ल स्काउट्सच्या सतरा नंबरच्या पथकात दहा-दहा वर्षांच्या तीस मुली होत्या आणि त्यांची बाई पथक सोडून गेली होती. कुठे, तर मिशनरी म्हणून हिंदुस्थानात! हा धागा वाचला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. आपल्याकडे आलेल्या कुणा बाईंच्या रिकाम्या जागेतून हे सगळं सुरू झालं. हेसलबाईनबाईंनी आधी नकार दिला. आपल्याला एकच मुलगा आहे, मुलींचं आपल्याला काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. अखेर सहा आठवड्यांच्या बोलीवर त्या तयार झाल्या, खऱ्या बाई मिळेपर्यंत. खऱ्या बाई कधी आल्याच नाहीत. त्या मुली शाळा संपवून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे आठ वर्षं, हेसलबाईनबाईंनी ते पथक चालवलं.

त्यांच्या कारकिर्दीतली ही आठ वर्षं वक्त्यांनी एका वाक्यात संपवली. मला मात्र तिथेच थांबायचं आहे, कारण बाई जे शिकल्या ते याच तळघरात. दर आठवड्याला तीस मुली जमवणं म्हणजे काय, हे जमवलेल्यालाच ठाऊक. एकीची आई आजारी म्हणून ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेली असते. दोघींचं भांडण झालेलं असतं आणि त्यांना एका तंबूत झोपायचं नसतं. वर्गणी कुणी दिली, कुणाकडे मागायची नाही, हे डोक्यात ठेवावं लागतं. कुणावर सक्ती नसते, पगार कुणालाच नसतो. मुलीला आवडलं नाही तर पुढच्या शनिवारी ती येत नाही, आणि तिच्यावर तुमची कुठलीही कारवाई चालत नाही. संघटनेचं सगळं शास्त्र या एका गोष्टीत आहे.

आमच्याकडे स्काउट-गाईडमध्ये 'खरी कमाई' असते. मुलींनी काही काम करून किंवा खाऊ विकून चार पैसे मिळवायचे आणि पथकाच्या खर्चाला लावायचे. एका वर्षी आम्ही शाळेच्या फाटकापाशी भेळेचं टेबल लावलं. संध्याकाळी मुली वर्गात फरशीवर नाण्यांचे ढीग लावून मोजायला बसल्या. वीटभट्टीवरच्या कामगाराची एक मुलगी दाराशी उभी होती. तिच्याकडे गणवेश नव्हता, म्हणून ती पथकात नव्हती. मोजताना मुलींचा तीन वेळा हिशेब चुकला. ती दारातूनच म्हणाली, "बाई, पाच-पाचचे वेगळे लावा ना." भट्टीवर विटांच्या थरांची मोजदाद ती रोज करत होती. त्या दिवसापासून आमच्या पथकाचा हिशेब तिच्याकडे गेला, आणि स्कार्फ मी माझा दिला. गणवेशाशिवाय मुलगी घेतली म्हणून मला नंतर बोलणी बसली, ती मी ऐकून घेतली.

अमेरिकेतल्या मुली भेळ विकत नाहीत, बिस्किटं विकतात. हेसलबाईनबाईंच्या काळात तो व्यवहार वर्षाला 30 कोटी डॉलरच्या पुढे गेला. वक्त्यांच्या पडद्यावर हा आकडा ठळक होता आणि खाली उत्पन्नाचं नियोजन असं लिहिलेलं होतं. त्या 30 कोटींचा प्रत्येक डॉलर कुठल्यातरी मुलीनं कुणाच्यातरी दारात उभं राहून आणला होता, तिच्या मागे तिची आई उभी होती आणि त्या दोघींना गोळा करणारी एक बिनपगारी बाई होती. त्या बाईच्या जागी आठ वर्षं काढलेली व्यक्ती वरच्या खुर्चीत बसली होती.

पुढचा प्रवासही वरून लादलेल्या नेमणुकीचा नाही. जॉन्सटाउन हे पोलादाचं गाव. तिथल्या युनायटेड वे या एकत्रित निधी-मोहिमेचं अध्यक्षपद बाईंकडे आलं, तोवर ते कधी कुणा स्त्रीकडे गेलं नव्हतं. त्यांनी पोलाद कामगार संघटनेच्या अध्यक्षांना आपल्यासोबत उपाध्यक्ष म्हणून घेतलं. मालक आणि कामगार एका पत्रकावर आले आणि त्या वर्षी दरडोई देणगीत हे गाव देशात पहिलं आलं. 1970 मध्ये गावातले तीन प्रतिष्ठित गृहस्थ त्यांना जेवायला घेऊन गेले. स्थानिक गर्ल स्काउट परिषद पैशांच्या अडचणीत आहे, तुम्ही सांभाळा, असं त्यांनी सांगितलं. बाई पुन्हा सहा महिन्यांच्या बोलीवर गेल्या आणि चार वर्षं राहिल्या. संस्था चालवण्याची ही त्यांची पहिली पगारी जबाबदारी, वय 54. पुढे पेन्सिल्व्हेनियातलीच आणखी एक परिषद त्यांनी सांभाळली. मग न्यूयॉर्कहून मुलाखतीचं बोलावणं आलं आणि 4 जुलै 1976 या दिवशी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं पुरी होत असताना, त्यांनी राष्ट्रीय कार्यालयाचा कारभार हाती घेतला.

त्यांच्या आधी त्या खुर्चीत कोण होतं? डोरोथी स्ट्रॅटन या विद्यापीठात प्राध्यापक आणि अधिष्ठाता होत्या, दुसऱ्या महायुद्धात तटरक्षक दलाची महिला शाखा त्यांनी उभी केली आणि नंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत काम केलं. लगतच्या आधीच्या सेसिली सेल्बी या एमआयटीच्या डॉक्टरेट, शास्त्रज्ञ. दोघींची विद्वत्ता आणि निष्ठा वादातीत आहे आणि त्यांचं ऋण त्या संघटनेवर आहे. पण 'मोठ्या ठिकाणी काम केलेलं माणूस आणा' हा उपाय त्या संघटनेनं आधीच करून पाहिला होता. तरीही 1976 पर्यंत सदस्यसंख्या सलग काही वर्षं घसरत आली होती. मुलींचं जग बदललं होतं, आया नोकरीला लागल्या होत्या, बॉय स्काउट्स मुलींनाही सामावून घेण्याच्या विचारात होते. त्या वेळी मंडळानं स्वतःच्या पथकांकडे पाहिलं. वक्ते आपल्याला जो उपाय सांगतात, तो बाजूला ठेवल्यावर हेसलबाईन सापडल्या.

आता खऱ्या मुद्द्यावर येते. त्या रुजू झाल्या तेव्हा गर्ल स्काउट्स ही मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय मुलींची संघटना होती. बाईंना कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूलनिवासी, आशियाई मुली हव्या होत्या. तेव्हा अनुभवी माणसांनी सांगितलं की, विचार चांगला आहे, पण घाई नको. आधी संघटनेची आर्थिक आणि कारभाराची घडी बसवा, मग समावेशाचं बघा. हा सल्ला आपल्याला किती ओळखीचा आहे! आधी इमारत होऊ दे, मग वस्तीतल्या मुलांचं पाहू. आधी निधी येऊ दे, मग वीटभट्टीवर जाऊ. हेसलबाईनबाईंनी तो मानला नाही. या मुली आपल्याकडे येत नाहीत, हीच आपल्या कारभाराची मुख्य अडचण आहे, असं त्यांनी धरलं आणि खर्च तिथे केला.

त्यांनी मुलींसाठीचं जुनं हस्तपुस्तक बाजूला ठेवून वयोगटांप्रमाणे चार नवी हस्तपुस्तकं करून घेतली. चित्रकारांना ताकीद होती की, अलास्कातल्या बर्फावरच्या सहा वर्षांच्या इनुइट मुलीनं पान उलटलं, तर तिच्यासारखी दिसणारी मुलगी गणवेशात तिला दिसलीच पाहिजे. गणित, विज्ञान, तंत्रज्ञान ही आजच्या मुलीच्या कामाची क्षेत्रं म्हणून पुस्तकांत आली. वेगवेगळ्या समाजांतल्या मुलींना काय भिडतं याचा अभ्यास करून त्या त्या समाजासाठी वेगळी भित्तिपत्रकं निघाली. अल्पसंख्य समाजांतल्या सदस्यांची संख्या त्यांच्या कारकिर्दीत तिप्पट झाली. एकूण सदस्य अडीच लाखांनी वाढले आणि सव्वा लाखावर नवे स्वयंसेवक आले. घडी बसली ती या मुली आल्यामुळे. सल्लागारांनी सांगितलेला क्रम पाळला असता, तर कदाचित ताळेबंद नीट झाला असता, पण पथकं रिकामी राहिली असती.

इतक्या ठामपणाचं मूळ मला त्यांच्या आजीच्या घरात दिसतं. आठवण बाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. साउथ फोर्कला आजीकडे दोन सुंदर चिनी फुलदाण्या होत्या. लहानगी फ्रान्सेस त्यांना हात लावायचा हट्ट धरायची आणि आजी कधी लावू द्यायची नाही. एकदा हट्ट टोकाला गेला, तेव्हा आजीनं तिला जवळ बसवून गोष्ट सांगितली. गावात एक चिनी धोबी होता, एकटा राहायचा. पोरं त्याच्या मागे ओरडत जायची, वेडीवाकडी नावं ठेवायची. एका रात्री तो कागदात गुंडाळलेल्या या फुलदाण्या घेऊन दारात आला. बायकापोरांना अमेरिकेत आणायला कायदा परवानगी देत नव्हता, म्हणून तो मायदेशी निघाला होता. दहा वर्षांत मला 'मिस्टर यी' म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच, असं तो आजीला म्हणाला आणि फुलदाण्या देऊन गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं गाव ज्याला अरेतुरे करत होतं, त्याला आजी अहोजाहो करत होती. ते ऐकून मुलगी रडली. त्या फुलदाण्या पुढे बाईंच्या स्वतःच्या दिवाणखान्यात आल्या. हस्तपुस्तकातल्या त्या इनुइट मुलीकडे मी या फुलदाण्यांच्या शेजारी बसूनच पाहते.

याचा अर्थ बाईंना व्यवस्थापन वर्ज्य होतं, असा कुणी घेऊ नये. तो दुसरा गैरसमज, आणि तो आमच्या कार्यकर्त्यांच्या गोटात जास्त आहे. हिशेब, नियोजन, प्रशिक्षण हे सगळं कंपन्यांचं, आपण आपलं तळमळीनं काम करू, असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. हेसलबाईनबाईंनी परिषदांच्या अधिकाऱ्यांसाठी हार्वर्डच्या प्राध्यापकांचे अभ्यासवर्ग ठेवले. ज्या शिबिरभूमींवर आता कुणी जात नव्हतं, पण जुन्या बायकांचा जीव अडकला होता, त्या विकायला त्यांनी लोकांना राजी केलं. पाच वर्षांच्या मुलींसाठी 1984 मध्ये डेझी हा गट सुरू झाला, संस्थापक ज्युलिएट गॉर्डन लो यांच्या लाडक्या नावावरून. 335 परिषदांपैकी सुरुवातीला थोड्याच उत्सुक होत्या. बाईंनी हुकूम काढला नाही. उत्सुक होत्या त्यांच्यासह काम सुरू केलं आणि त्यांचं पाहून बाकीच्या आल्या. हुकमानं स्वयंसेवक हलत नाही, हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या.

संघटनेची रचना सांगताना त्या उतरंड काढत नसत. एकदा जेवणाच्या टेबलावर त्यांनी मधोमध एक पेला ठेवला, भोवती कपबश्यांची वर्तुळं मांडली आणि काटेचमचे घालून ती एकमेकांना जोडली. मधला पेला म्हणजे मी, मी कुणाच्या डोक्यावर नाही, असं समजावलं. उद्योगांच्या संमेलनांतून ही गोष्ट नव्या सिद्धान्तासारखी सांगतात. गाईड पथकात पहिल्या दिवसापासून मुली गोलच करून उभ्या राहतात आणि कॅप्टन त्या गोलात असते. कंपन्यांनी तो गोल आमच्याकडून घेतला, हे निदान आम्हाला शिकवताना तरी विसरू नये.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील आणि ते खरे आहेत. पहिला म्हणजे बाई एकट्यानं हे करू शकल्या नसत्या. त्यांची निवड झाली तेव्हा संघटनेच्या राष्ट्रीय अध्यक्षपदी ग्लोरिया स्कॉट होत्या, त्या पदावर आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. 1975 मध्येच त्या निवडून आल्या होत्या. समावेशाचा रेटा त्यांचा आणि खालच्या असंख्य बायकांचाही होता. सगळं श्रेय एका सीईओला देणाऱ्या व्याख्यानांना माझा हाही विरोध आहे. दुसरा आक्षेप असा की, आतून आलेली व्यक्ती म्हणजे यशाची हमी नव्हे. हे मला मान्यच आहे. त्यांच्यानंतर परिषदांमधून वर आलेल्या बायकाही त्या पदावर बसल्या, परिषदांचं मोठं एकत्रीकरण झालं, आणि एकविसाव्या शतकात सदस्यसंख्या पुन्हा उतरली. आतलं कुणीही चालेल, असं मी म्हणत नाही. आठ वर्षांचं तळघर ही पात्रता मोजा, एवढंच म्हणते. आज ती कागदावर शून्य धरली जाते.

ड्रकरांचं नाव वक्त्यांनी शिफारसपत्रासारखं वापरलं, म्हणून त्याबद्दलही सांगते. जनरल मोटर्सच्या रॉजर स्मिथ यांच्यानंतर कुणाला नेमाल, या प्रश्नावर ड्रकर यांनी फ्रान्सेस हेसलबाईन हे नाव घेतलं होतं. विचारांची दिशा पाहा. मोटार कंपनी चालवायला मुलींच्या पथकातून माणूस न्या, असं ड्रकर म्हणत होते. आपल्याकडे मात्र त्यांचं नाव घेऊन मोटार कंपनीतून पथकाकडे माणसं पाठवायला निघाले आहेत.

महाराष्ट्राला हे परकं वाटायचं कारण नाही. जगभरच्या गाईड्सच्या पाच जागतिक केंद्रांपैकी एक, 'संगम', पुण्यात आहे, 1966 पासून. 1941 मध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्यानं उभारणी झाली तेव्हा दलप्रमुख झाले ते एस. एम. जोशी, चळवळीत आणि तुरुंगात घडलेला कार्यकर्ता. मुलांची शाखा कशी चालते, हे ज्याला पायी फिरून कळलं होतं, असा माणूस आपणही एकेकाळी निवडला होता. आज आपल्या संस्थांच्या जाहिराती उघडून पाहा. व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, दहा वर्षांचा कॉर्पोरेट अनुभव, सादरीकरणाचं कौशल्य. मुलांबरोबर काम केल्याची अट बहुतेक वेळा शेवटी असते, आणि तीही 'असल्यास प्राधान्य' म्हणून.

हेसलबाईनबाईंना 1998 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' मिळालं. 11 डिसेंबर 2022 रोजी, वयाच्या 107 व्या वर्षी त्या गेल्या. आयुष्यात आपण चार पदं सांभाळली आणि एकाहीसाठी अर्ज केला नाही, असं त्या सांगायच्या. विश्वस्त मंडळींनी हे वाक्य नीट ऐकावं. अशी माणसं अर्ज करत नाहीत. ती तुमच्या जाहिरातीची वाट पाहत बसलेली नसतात, पुढच्या शनिवारच्या तयारीत असतात. त्यांना शोधायला तुम्हालाच जावं लागतं.

म्हणून माझी एक साधी विनंती आहे. पुढच्या वेळी प्रमुख नेमायचा असेल, तर जाहिरात देण्याआधी आपल्या पथकांच्या, शाखांच्या, वर्गांच्या हजेरीवह्या कपाटातून काढा. आठ-दहा वर्षं ज्या वहीवर एकाच बाईची सही आहे, ती वही बाजूला ठेवा. त्या बाईंना तुमच्या बैठकीत चहाला बोलवा, मुलाखत म्हणू नका. संस्था कुठे अडली आहे, हे त्यांना विचारा आणि त्या बोलत असताना मध्ये बोलू नका. नेमणुकीचं त्यानंतर ठरवा.